पाय हलणारं बाकडं

खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवायचो. एका जूनमध्ये 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषयही गळ्यात पडला. माझे तास कमी भरत होते, एवढंच कारण. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे घडलेला हा अभ्यासक्रम. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हातकाम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. निवृत्तीपर्यंत तो शिकवला. त्यातून हाती लागलेलं थोडंफार इथे मांडतो.

१. हा विषय 'ढ' मुलांसाठी ठेवू नका. पहिल्या वर्षी आम्ही नेमकं तेच केलं. गणितात नापास झालेली पोरं वेचून वर्कशॉपात पाठवली. महिन्याभरात त्या खोलीला 'ढ वर्ग' नाव पडलं आणि पोरं तिकडे जाताना मान खाली घालू लागली. पुढच्या वर्षी सरसकट सगळा वर्ग घेतला. पहिल्या नंबरच्या मुलाने अँगल कापताना एका तासात तीन हॅकसॉ ब्लेड मोडले. दाब पुढे ढकलताना द्यायचा, मागे घेताना सोडायचा, हे त्याला ज्याने दाखवलं तो आदल्या वर्षीचा 'ढ'. त्या दिवसानंतर ते नाव कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही.

२. पुस्तक आणि हातकाम यांची गाठ मारावी लागते, ती आपोआप बसत नाही. सायकलींच्या शेडचा पाया आखायचा होता. गुण्या छोटा, त्याने लांबवर काटकोन धरता येईना. मुलांना भूमितीतलं प्रमेय पाठ होतं, पण हातात दोरी घेऊन सगळे माझ्याकडे बघत उभे. शेवटी गावातल्या गवंड्याने एका बाजूला तीन फुटांवर खूण केली, दुसरीला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट येईतोवर दोरी सरकवली. मी म्हटलं, "हाच पायथागोरस!" तो म्हणाला, "सर, हे तर आम्ही रोजच करतो. याला नाव असतं होय?" पुढे प्रमेय शिकवायच्या आधी मी वर्ग मैदानात न्यायला लागलो.

३. खोटं काम देऊ नका. गुण मिळवून कपाटात पडणारी वस्तू मुलं निष्काळजीपणे करतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. गावच्या अंगणवाडीसाठी आम्ही बाकडं केलं. एक पाय अर्ध्या इंचाने आखूड राहिला. अंगणवाडीतली चिल्लीपिल्ली त्यावर बसून झोके घ्यायची आणि येता-जाता तो खडखडाट ऐकून आमच्या नववीची तोंडं उतरायची. चौथ्या दिवशी मी न सांगता त्यांनी बाकडं परत आणलं. मी कितीही लाल शेरे मारले असते तरी हे झालं नसतं.

बिलही मुलांनाच करू द्या. आमच्या पहिल्या बिलात लोखंडाचे पैसे होते; वेल्डिंग रॉड, वीज आणि मजुरी सगळे विसरले. तोटा शाळेने सोसला. त्याहून स्वस्तात हिशेब शिकवता आला असता असं मला वाटत नाही.

४. विभाग निवडायची मोकळीक देऊ नका. एक वडील येऊन म्हणाले, "पोरीला वेल्डिंग शिकून दुकान टाकायचंय का, सर?" मी नमतं घेतलं आणि तिला गृह-आरोग्यात घातलं. पुढच्याच आठवड्यात आणखी चार मुलींची चिठ्ठी आली. सगळा घोळ माझाच. वर्षअखेर वर्कशॉपात नुसती मुलं, चिक्की करायला नुसत्या मुली. मग नियम केला, चारही विभाग सगळ्यांना. रक्तगट तपासताना बोट टोचल्यावर घेरी येऊन पडला तो वर्गातला सगळ्यात दांडगा गडी.

५. यंत्रापेक्षा निदेशक टिकवा. आमचा निदेशक गावातलाच वेल्डर होता, मुलांचा जीव त्याच्यावर. मानधन महिनोन्‌महिने रखडायचं. दोन वर्षांनी तो चाकणला कारखान्यात गेला. त्याला दोष कसा देणार? ड्रिल मशीन पुढचं वर्षभर गोणपाटाखाली होतं, डेड स्टॉक रजिस्टरात मात्र दरवर्षी चोख नोंद.

६. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यावसायिक शिक्षणाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस आहेत. चांगलं आहे. पण दहा दिवसांत कुतूहल जागं होतं. हात बसायला वर्ष लागतं.

तुमच्या गावच्या शाळेत अशी खोली असेल तर एकदा जाऊन बघा. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. उघडी असेल तर घरातली पाय हलणारी खुर्ची घेऊन जा, आणि मुलांनी केलेलं बिल घासाघीस न करता द्या.