अन्नाची अ‍ॅलर्जी : शंका आणि निदान

फरीदाबाद आणि त्याच्या सभोवतालचा हरियाणा हा गव्हाचा प्रदेश आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबांतही ज्वारीच्या भाकरीची जागा हळूहळू गव्हाची पोळी घेते. अशा एखाद्या घरातील सात-आठ वर्षांच्या मुलीची कल्पना करा. तिचे पोट वारंवार फुगते, जुलाब होतात, उंची वाढत नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्तक्षय हटत नाही. शेजारीण म्हणते, "हिला गव्हाची अ‍ॅलर्जी असेल. आजपासून पोळी बंद करा." सल्ला मायेचा आहे, परंतु तो लगेच पाळल्यास निदान अवघड होऊन बसते. असे का व्हावे?

प्रथम अ‍ॅलर्जी म्हणजे काय ते समजून घेऊ. हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. आपली रोगप्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू मानते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू, मासे, कोळंबी, गहू यांपैकी जे सोसत नाही ते खाल्ल्यावर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. श्वास कोंडू लागला किंवा भोवळ आली, तर प्राणावर बेतू शकते. अशा वेळी रुग्णाला उभे करू नये वा चालवू नये, आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ मदत मागावी. यावरचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन. खाज थांबवणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. दूध पिऊन केवळ पोट गुरगुरणे ही मात्र बहुधा अ‍ॅलर्जी नसते. दुधातील साखर पचत नसल्याने तसे होते.

आपल्या कल्पनेतील मुलीची लक्षणे यांहून वेगळी, सावकाश वाढणारी आहेत. ती सिलिअ‍ॅक या विकाराकडे बोट दाखवतात. यात गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची झीज होते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. या विकाराचे मूळ गव्हात आहे, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात झालेले एक सर्वेक्षण २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात साधारणपणे ९६ व्यक्तींमागे एकीला हा विकार आढळला. म्हणजे तो दुर्मीळ नव्हे. तो ओळखला जात नाही, इतकेच.

निदानासाठी आधी रक्तातील प्रतिपिंडे तपासतात आणि मग गरजेप्रमाणे दुर्बिणीने आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून पाहतात. परंतु गहू बंद केला की प्रतिपिंडे घटतात, अस्तर भरून येऊ लागते आणि तपासणीत दोष दिसतच नाही. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत पोळी चालू ठेवावी लागते. (तात्काळ उद्भवणाऱ्या अ‍ॅलर्जीचे तसे नाही, तेथे संशयित पदार्थ त्याच दिवशी थांबवावा.) अ‍ॅलर्जीसाठी त्वचेवर टोचून किंवा रक्तातून चाचणी करतात, पण नुसती चाचणी सकारात्मक आली म्हणून अ‍ॅलर्जी ठरत नाही. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, ही हकिकत डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते. ती वहीत लिहून ठेवावी. बाजारात मिळणारे शंभर पदार्थांचे चाचणी-संच घेऊन मुलाचे अर्धे जेवण तोडणे, हा तर निव्वळ अविचार होय.

सिलिअ‍ॅक ठरल्यावर मात्र पथ्य आयुष्यभराचे आणि काटेकोर असते. येथे आपली जुनी भाकरी मदतीला येते, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसते. अडचण येते ती गिरणीत. आधी गहू दळलेल्या जात्यातच ज्वारी दळली, तर गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. शक्य तर घरीच दळावे. फोडणीच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ घातलेले असते. वेष्टित पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे इत्यादींचा उल्लेख करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. गाड्यावरच्या कचोरीला मात्र वेष्टन नसते. तेथे विचारूनच घ्यावे लागते.

पाठगत प्रश्न
१. तपासणीपूर्वी गहू बंद केल्यास सिलिअ‍ॅकचे निदान का चुकते?
२. आपल्या घरातील हिंगाच्या डबीवरील घटक वाचा. त्यांत गव्हाचे पीठ आहे काय?