अप्रमाद आणि रस्ता

आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पंचशील मुखोद्गत आहे. पाचव्या शीलात मद्यापासून विरत राहण्याची प्रतिज्ञा आपण घेतो, त्या पाली वचनात ‘पमादट्ठान’ असा शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा; मद्य वर्ज्य, कारण ते बेसावधपणाचे स्थान आहे. आज आपल्यातील अनेकांच्या हाती वाहन आहे. तेव्हा या शब्दाचा अर्थ रस्त्यावरही समजून घेणे अगत्याचे वाटते.

रस्त्यावरील चिन्हांचे प्रमुख वर्ग तीन. वर्तुळाकार चिन्हे आज्ञा देतात, निळी आयताकार चिन्हे माहिती देतात आणि लाल किनारीचा त्रिकोण सावध करतो. नागमोडी वळण, अरुंद पूल, तीव्र उतार, शाळा अशा पुढच्या गोष्टी दिसण्यापूर्वीच तो त्यांची वर्दी देतो. म्हणून वेग कमी करायचा तो त्रिकोण दिसताच. धोका दिसल्यावर नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. डोळ्यांनी पाहून पायाने ब्रेक दाबेपर्यंत निदान एवढा अवधी जातोच. शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते.

प्रत्येक धोक्यापुढे फलक नसतो. रस्त्यावर चेंडू आला, तर त्यामागे मूल येणार. एसटी थांबली, तर तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार, हे आपणच ओळखावे. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ आल्यावरच दिसते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल व धूळ मिसळून रस्ता निसरडा होतो.

आणखी एका धोक्याला त्रिकोण नाही. तो म्हणजे झोप. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी; आपले बांधव भाड्याच्या गाड्यांतून रात्रभर प्रवास करतात आणि अभिवादन करून पुष्कळदा त्याच रात्री परततात. सतत जांभया येणे, पापण्या जडावणे, गाडी कडेला सरकणे, मागे पडलेले गाव न आठवणे, हीच येथील इशाऱ्याची चिन्हे होत. चहाने वा गाण्यांनी झोप थोडी लांबते, टळत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून झोपणे हाच उपाय.

ही जबाबदारी एकट्या चालकाची नाही. आपण रांगेत उभे असताना त्याला निवांत झोपू द्यावे. परतीच्या वाटेवर त्याच्या शेजारी एकाने जागे राहावे, आणि तो ‘थांबू या’ म्हणाला, तर घाई करू नये. घरी उशिरा पोहोचलो तरी चालेल. वाट पाहणाऱ्या लेकरांकडे आपण पोहोचलो पाहिजे. पाचवे शील मद्य न घेणाऱ्यालाही जागे राहण्यास सांगते, असे आम्हांस वाटते.