तिकिटातले बहात्तर रुपये

प्रिय सोनू,


पटकथा वाचली. आजीचं पात्र तू ज्या ताकदीनं उभं केलंयस, तसं मराठीत फार थोड्यांना जमलंय. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं पत्र पैशाबद्दल आहे. हा सिनेमा व्हावा आणि त्यानंतर तुझा दुसराही व्हावा, असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच तुझ्या बजेटच्या तक्त्यावर लिहायला बसलोय.

खर्चाची बाजू तू चोख मांडलीयस. कॅमेऱ्याचं भाडं, युनिटचं जेवण, गाड्या, डबिंग, सेन्सॉर असं सगळं धरून 1 कोटी 20 लाख. जमेच्या बाजूला मात्र तीनच ओळी आहेत: थिएटरमधून 2 कोटी, सरकारी अनुदान 40 लाख, सॅटेलाइट आणि ओटीटी मिळून 60 लाख. या तीन ओळींच्या भरवशावर तुझे बाबा वाईजवळची जमीन गहाण टाकायला निघालेत.

लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये वितरकाच्या कचेरीत माझी नोकरी झाली, हे तुला ठाऊक आहे. रोज सकाळी थिएटरांकडून डीसीआर यायचा, म्हणजे आदल्या दिवशीच्या प्रत्येक खेळाचा हिशोब: किती तिकिटं, किती गल्ला, किती कर. आम्ही तो कागद खालून वर वाचायचो. आपला शेअर शेवटच्या ओळीत असायचा. तू तुझा तक्ता पहिल्या ओळीवर, गल्ल्यावर, उभा केलायस.

आता 200 रुपयांचं एक तिकीट घे. शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी असतो आणि तो त्या 200 मध्येच धरलेला असतो. तो वजा जाता उरतात 169 रुपये. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे मोठे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. त्यानंतरच्या तडजोडीत पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे 30 असा वाटा ठरला. तुझा करार याच्या आसपास होईल असं धरू. म्हणजे पहिल्या आठवड्यात 169 चे झाले 85. कमिशनवर काम करणाऱ्या वितरकाचे 15 टक्के धर, उरले 72. प्रिंटची पेटी गेली तरी डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं आहेच, तेही यातूनच जाणार.

तुझे 2 कोटी झाले 72 लाख, तेही सगळी तिकिटं पहिल्याच आठवड्यात गेली तर. आणि जाहिरातीचा खर्च तू धरलेलाच नाहीस. पोस्टर, ट्रेलर, गाणं, गावोगावचे दौरे यांना 40 लाख ही मी हात आखडून सांगितलेली रक्कम आहे. मग एकूण खर्च 1 कोटी 60 लाख, आणि तो नुसत्या थिएटरमधून काढायचा तर गल्ला व्हायला हवा साडेचार कोटींच्या घरात. म्हणजे सव्वादोन लाख माणसं. हा आकडा बाबांना शांतपणे समजावून सांग.

अनुदानाची योजना चांगली आहे. 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' ला 30 लाख. पण दर्जा ठरतो सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन, आणि पैसे येतात त्याच्याही नंतर. तोवर व्याज थांबत नाही. बाजारात सिनेमाला पैसे महिना दोन टक्क्यांनी मिळाले तर स्वस्त मिळाले म्हणायचं. 1 कोटी घेतलेस आणि दीड वर्ष अडकलीस तर 36 लाख व्याजातच गेले. अनुदान हातात पडायच्या आधीच संपलं समज. ती ओळ जमेतून काढ. आलं तर पुढच्या सिनेमाला.

तू फोनवर फाळक्यांचं उदाहरण दिलंस. दादासाहेबांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, हे सगळं खरं. पण 1913 मध्ये गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा लोकांना ते नवलच होतं. तुझ्या शुक्रवारी आणखी दोन मराठी सिनेमे लागतील, एक मोठा हिंदी लागेल आणि तुला सकाळी साडेनऊचा खेळ मिळेल. मल्टिप्लेक्सनं मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायच्या 2015 च्या नियमात वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी धरलीय, तेव्हा दुपारचा खेळ दिला तरी नियम पाळलाच म्हणायचा. सोमवारी गर्दी नसली की तोही जातो.

मी तुझ्यापुढे ठेवीन ते प्रभातचं उदाहरण. 1929 साली कोल्हापुरात कंपनी निघाली तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या कलावंतांच्या जोडीला सीतारामपंत कुलकर्णी होते. पैसा त्यांचा, पण ते सावकार म्हणून आले नाहीत, भागीदार म्हणून आले. सावकाराला सिनेमा पडला तरी व्याज हवं असतं. भागीदार तुझ्याबरोबर बुडतो, म्हणून तो पटकथा वाचतो, तारीख विचारतो, वितरकाशी भांडतो. तुला असा माणूस किंवा अशी संस्था शोधायचीय. 'सैराट' चारेक कोटींत झाला आणि त्यानं शंभर कोटींच्या वर गल्ला केला, हे सगळे सांगतात. त्याच्यामागे झी स्टुडिओज उभा होता, नागराज मंजुळेंच्या नावावर 'फँड्री' जमा होता आणि अजय-अतुलची गाणी आधीच गावोगाव वाजत होती, हे कोणी सांगत नाही.

हक्कांबद्दल नीट ऐक, यात सगळ्यात जास्त मुलं नाडली जातात. कायद्यानं सिनेमाचा पहिला मालक निर्माता, दिग्दर्शक नव्हे. 60 वर्षं तो हक्क चालतो. बाहेरचा निर्माता आणलास तर तुझा हिस्सा आणि रिमेकमधला वाटा कागदावर घे, तोंडी नको. ओटीटीला देताना 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला की थांब; पाच-सात वर्षांची मुदत माग. मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत. हे समोरच्याच्या वकिलाला पाठ असतं. गीतकार-संगीतकारांची थिएटरबाहेरची रॉयल्टी 2012 च्या दुरुस्तीनंतर कोणाला लिहून घेता येत नाही. तूही घेऊ नकोस, त्यांच्या कष्टाचे पैसे आहेत ते.

आणि प्रदेशाचं एक. आमच्या धंद्याचा नकाशा अजून जुनाच आहे. वितरकाच्या करारात 'मुंबई सर्किट' असं आलं तर त्यात गुजरात आणि गोवा येतात. विदर्भ राहतो सीपी-बेरार सर्किटमध्ये आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. मराठी सिनेमाला नांदेड, लातूर, अमरावती सोडून कसं चालेल? जिल्ह्यांची नावं लिहून घे.

तेव्हा आता असं कर. शूटिंगचे दिवस कमी करून खर्च 90 लाखांत बसतो का बघ. तुझ्या गोष्टीला एकच वाडा आणि एकच गाव लागतं, बसेल. 40 लाख प्रदर्शनासाठी वेगळे ठेव, शूटिंग अडलं तरी त्यांना हात लावू नकोस. घरातून घालायचेच तर जे गेले तरी ताईचं, तुझ्या आईचं, घर चालेल तेवढेच. पहिलं दृश्य आणि नदीवरचं दृश्य शूट करून दहा मिनिटांची फिल्म कर आणि चॅनेल, स्टुडिओ यांच्याकडे स्वतः घेऊन जा. वर्ष गेलं तरी जाऊ दे, तुझं वय आहे.

जमिनीचे कागद कुठेही देऊ नका म्हणून मी बाबांना वेगळं लिहितोय. कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठव. नाझमधले एकदोघे जुने वितरक अजून फोन उचलतात, त्यांच्याशी तुझी गाठ घालून देतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा