पाणी उकळण्याआधी

[मोटारीचे इंजिन थंड कसे राहते आणि जुन्या मोटारीच्या बाबतीत कोणती काळजी आधीच घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे. पाठातील चाचा भूमचे आहेत. पण असे चाचा प्रत्येक गावात भेटतात.]



आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे. लग्नकार्य असो, बाजार असो, की रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असो, सारी गल्ली चाचांचेच दार ठोठावते. चाचाही कोणाला नाही म्हणत नाहीत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. भर दुपारी शेजारची एक सून बाळंतपणासाठी अडली. डॉक्टरांनी तिला ताबडतोब बार्शीला न्यायला सांगितले. चाचांनी जीप काढली. ऊन रणरणत होते. निम्मा रस्ता संपला आणि बोनेटमधून वाफ येऊ लागली. चाचांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. घाईघाईने बोनेट उघडले आणि फडक्याने धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. त्याच क्षणी उकळते पाणी कारंज्यासारखे उसळले. चाचांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तेवढ्यात मागून दुधाचा एक टेम्पो आला. त्यातून सर्वजण बार्शीला पोहोचले. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे कळले, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चाचांच्या हातावरची पट्टी मात्र दोन महिने सुटली नाही.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने जीपमधून काढलेली एक फाटकी रबरी नळी चाचांसमोर धरली.

"चाचा, जीपला काही झालेलं नाही. ही नळी म्हातारी झाली होती. रेडिएटरमध्ये पाणी कितीदा घालत होता?"

"एक दिवसाआड. लोटाभर," चाचा म्हणाले. "जुनी गाडी आहे. पाणी पिणारच."

मिस्त्री हसला. "गाडी पाणी पीत नाही, चाचा. पाणी कमी झालं म्हणजे ते कुठून तरी जातं. गाडी महिनाभर सांगत होती. आपण ऐकलं नाही."

गाडी काय सांगत होती? ते कळण्यासाठी आपल्याला आधी इंजिनाची ओळख करून घ्यावी लागेल.

इंजिन का तापते?

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते. त्या ज्वाळेचे तापमान काही क्षण दोन हजार अंशांच्याही पुढे जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. मग इंजिन वितळत का नाही? कारण त्याची उष्णता सतत बाहेर नेली जाते. इंधनापासून जेवढी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो. उरलेला एक तृतीयांश पाण्याला उचलावा लागतो.

मोटारसायकलच्या इंजिनावर तुम्ही धातूच्या पातळ पात्या पाहिल्या असतील. त्यांना वारा लागतो आणि इंजिन थंड होते. मोटारीचे इंजिन मोठे असते. त्याला वारा पुरत नाही, म्हणून पाणी लागते.

पाण्याचा फेरा

आपल्या भूमचा खवा दूरवर प्रसिद्ध आहे. खव्याच्या भट्टीजवळ कधी उभे राहून पाहा. कारागीर कढईतले दूध सारखे ढवळत असतो. त्याचा हात थांबला, की दूध तळाला लागते. इंजिनातील पाण्याचेही तसेच आहे. ते सतत फिरत राहिले पाहिजे. हे काम पाण्याचा पंप करतो. इंजिनात तापलेले पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरमध्ये अनेक बारीक नळ्या असतात. त्यांच्यामधून वारा जातो आणि पाणी निवते. निवलेले पाणी खालच्या नळीतून पुन्हा इंजिनात जाते. गाडी थांबलेली असेल किंवा घाट चढत असेल, तेव्हा समोरून वारा कमी मिळतो. म्हणून रेडिएटरच्या मागे पंखा बसवलेला असतो. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी हळूहळू चढते, तेव्हा या पंख्याची खरी परीक्षा होते.

या वाटेवर एक पहारेकरीही असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. इंजिन गार असेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापले, की तो वाट उघडतो. आपल्याकडे काही जण "उन्हाळ्याचा देश आहे, याची गरज काय?" असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. हे बरोबर नाही. इंजिन फार गार राहिले, तर इंधन नीट जळत नाही, खर्च वाढतो आणि आतले भाग लवकर झिजतात. इंजिनाला थंडी नको आणि तापही नको.

झाकण की कुकर?

चाचांचा हात भाजला तो झाकणामुळे. हे झाकण साधे नसते. घरच्या प्रेशर कुकरप्रमाणे ते आतला दाब धरून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंशांना उकळते. पण दाब दुप्पट झाला, तर ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकण चांगले असेल, तर पाणी जास्त तापूनही शांत राहते.

आता गरम गाडीचे झाकण एकदम उघडले तर काय होईल? दाब क्षणात नाहीसा होईल आणि ते अतितप्त पाणी एकाएकी उकळू लागेल. पाण्याची वाफ झाली, की ती पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. मग ती पाण्यालाही आपल्याबरोबर बाहेर फेकते. कुकरची वाफ जाण्याआधी आई झाकण काढते का? मग रेडिएटरचे झाकण तरी आपण का काढावे?

पाणी कोणते घालावे?

चाचा जीपमध्ये विहिरीचे पाणी घालत होते. आपल्या भागातील पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. चहाच्या किटलीत पांढरा थर जमतो, तो तुम्ही पाहिला असेल. तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो. वाट अरुंद होते आणि उष्णता बाहेर पडत नाही. म्हणजे चाचा लोटाभर पाणी घालत होते आणि त्याबरोबर चिमूटभर क्षारही घालत होते!

यासाठी रेडिएटरमध्ये कूलंट आणि शुद्ध केलेले, म्हणजेच डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण घालतात. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळते आणि आतल्या धातूला गंज चढत नाही. पण गंज रोखणारी त्यातील द्रव्ये कालांतराने संपतात. म्हणून रंग छान हिरवा दिसला, तरी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीनंतर कूलंट बदलावे लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक कूलंट विषारी असते आणि त्याची चव गोड असते. काढलेले कूलंट अंगणात ओतू नका. शेळी, कुत्रा किंवा लहान मूल ते चाटू शकते.

केव्हा काय पाहावे?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे मराठीत म्हणतात. जुन्या गाडीला हे अगदी लागू पडते.

आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन पूर्ण गार असताना, पाण्याची पातळी पाहावी. रेडिएटरजवळच्या टाकीवर दोन रेषा असतात. पाणी त्या दोन्ही रेषांच्या मध्ये असावे. गाडी जिथे उभी होती, तिथल्या जमिनीवरही नजर टाकावी. हिरवे किंवा तांबूस डाग दिसले, तर त्यांकडे कानाडोळा करू नये.

महिन्यातून एकदा रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. नळी फुगली असेल, फार मऊ झाली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील, तर ती फाटण्याची वाट पाहू नये. नळीच्या टोकांवरच्या क्लिपा घट्ट आहेत का, तेही पाहावे. पंखा आणि पंप पट्ट्यावर चालत असतील, तर तो पट्टा ढिला किंवा चिरलेला नसावा. हे सर्व इंजिन बंद करूनच करावे. रेडिएटरच्या जाळीत धूळ, भुसा आणि किडे अडकतात. ते पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढावेत. जोराच्या धारेने जाळीच्या पात्या वाकतात.

वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, गाडी मिस्त्रीकडे न्यावी. झाकणाचे रबर, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप तपासून घ्यावा. पंपाखाली ओल दिसली किंवा त्यातून घरघर ऐकू आली, तर तो लवकरच दगा देणार असे समजावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या गाडीत पुन्हा पुन्हा पाणी घालावे लागते, ती गाडी आजारी आहे. पाणी घालणे हा इलाज नव्हे. गळती शोधणे हा इलाज आहे.

काटा वर चढला तर?

गाडीतील तापमानाचा काटा वर चढू लागला, तर एसी बंद करावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. इंजिन बंद करावे. वाफ येत असेल, तर ती थांबेपर्यंत बोनेटही उघडू नये. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नये आणि इंजिन गार झाल्याची खात्री करावी. त्यानंतरही जाड कापड ठेवून झाकण थोडेसेच फिरवावे, उरलेली हवा जाऊ द्यावी आणि मग काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. गरम काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतले, तर पेला तडकतो. तसेच इंजिनही तडकू शकते. "पाच मिनिटांत गाव येईल" असे म्हणून गाडी दामटणे हे तर सर्वांत महागाचे असते. त्यात सबंध इंजिन जाते.

जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे

आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली 'पद्मिनी' मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून देशभर ओळखली गेली. अशी शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तिची नोंदणी २००३ सालची होती आणि टॅक्सीसाठी ठरवलेली वीस वर्षांची मुदत संपली होती. मुंबईचा उन्हाळा, वाहनांची गर्दी आणि दिवसभराची धाव सोसून या टॅक्सी वर्षानुवर्षे चालल्या. त्यामागे चालकांचे आणि मिस्त्रींचे रोजचे लक्ष होते.

आमच्या चाचांची जीपही अजून चालते. दर शुक्रवारी सकाळी, इंजिन गार असताना, तिचे बोनेट उघडलेले दिसते. चाचा वाकून पाण्याची रेषा पाहतात, नळ्या दाबतात, जमिनीवर नजर टाकतात. त्यांच्या हातावरचा डाग अजून गेलेला नाही. त्या दिवशी ज्या बाळाला जन्माआधीच जीपमधून उतरून टेम्पोत बसावे लागले, ते बाळ आता शाळेत जाते. शुक्रवारी ते चाचांजवळ उभे राहते आणि विचारते, "चाचा, पाणी बरोबर आहे ना?"

शब्दार्थ

निवणे – थंड होणे. अतितप्त – फार तापलेले. क्षारयुक्त – ज्यात क्षार मिसळले आहेत असे. पहारेकरी – राखण करणारा. गळती – पाणी झिरपून जाणे. दामटणे – जोराने हाकणे. निवृत्त होणे – सेवेतून बाहेर पडणे. जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे. कानाडोळा करणे – दुर्लक्ष करणे. तहान लागल्यावर विहीर खणणे – गरज निर्माण झाल्यावर धावपळ करणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जीप बार्शीला का निघाली होती?
(आ) इंजिनातील पाणी कोण फिरवतो?
(इ) रेडिएटरच्या मागे पंखा का बसवतात?

२. कारणे लिहा.
(अ) चाचांचा हात भाजला.
(आ) थर्मोस्टॅट काढून टाकणे बरोबर नाही.
(इ) काढलेले कूलंट अंगणात ओतू नये.

३. "गाडी महिनाभर सांगत होती," असे मिस्त्री का म्हणाला? पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जीव भांड्यात पडणे, कानाडोळा करणे.

५. भाषाभ्यास : इलाज, हवा, गरम, दगा, कारखाना, कारागीर हे शब्द या पाठात आले आहेत. ते तुम्हाला उर्दूतही भेटतात. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधून लिहा.

६. उपक्रम : जवळच्या गॅरेजमध्ये मोठ्या माणसाबरोबर जा. रेडिएटर, नळ्या आणि पंखा पाहा. मिस्त्रीला विचारा, "उन्हाळ्यात गाड्या कशामुळे बंद पडतात?" त्याचे उत्तर मराठीत आठ-दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.