तळपाय पाहिला का? – गोचिडीच्या तापाची ओळख



दरवेळी या पानावर आम्ही लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया असे विषय मांडतो. या खेपेला विषय माणसाच्या तापाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला डॉक्टरकी कोणी सांगितली, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आम्ही शेतकी पदविकावाले. परंतु मागील एका हंगामात आमच्या हातून जी चूक झाली, ती सांगितल्याशिवाय पुढच्या टोळ्या वावरात उतरवणे आमच्या जिवाला पटेना.

बैलगाडीवाल्या एका टोळीचा तळ आमच्या गटात होता. कोप्या आणि बैलांची दावण यांत दोन हातांचेही अंतर नाही, हे आपण सर्वजण पाहतोच. मुकादम सकाळी येऊन म्हणाला, "साहेब, पोरीले माता निंगाली वाटते." सहा-सात वर्षांची मुलगी, तीन दिवसांपासून ताप, आदल्या रात्रीपासून अंगावर लाल पुरळ. आम्ही दुरून पाहिले आणि म्हणालो, गोवर असेल, दोन दिवस बघा. कोपीच्या दाराला निंबाचा पाला लागला, औषध बंद झाले. दोन दिवसांनी पोरीच्या पावलांवर सूज आली, ती बरळू लागली, तेव्हा जीप काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तिचे पाय उलटे करून तळवे पाहिले, मग हाताचे तळवे. तिथेही पुरळ होते. त्यांनी एकच विचारले, "घरी बैल, कुत्रे आहे का? गोचिडी कोण काढते?" पोरगीच काढत होती. बापाच्या बैलाच्या कानामागच्या गोचिडी काढून नखावर फोडणे हा तिचा खेळ होता.

या रोगाला डॉक्टर लोक रिकेट्सियाचा ताप म्हणतात. हॉवर्ड रिकेट्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशाच एका पुरळाच्या तापाचा संबंध गोचिडीशी लावून दाखवला. पुढे १९१० साली टायफसचा अभ्यास करताना त्याच रोगाने तो गेला. त्याचेच नाव या जंतूंना मिळाले. हा जंतू गोचिडीच्या अंगात राहतो. गोचीड चावली म्हणजे, किंवा चिरडलेल्या गोचिडीचा रस खरचटलेल्या बोटाला वा डोळ्याला लागला म्हणजे, तो माणसात शिरतो. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात जंतू वाढतो. त्यामुळे पुरळ उठते, सूज येते आणि उशीर झाला तर बोटांच्या, कानाच्या टोकांचे रक्त बंद होऊन तो भाग काळा पडतो.

हा रोग दूरदेशीचा आहे असे समजू नये. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात मध्य भारतातील अशा मुलांवर लेख लिहिला आणि रोग लवकर ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत मांडली. आपल्या वऱ्हाडातल्या डॉक्टराने केलेले हे काम वऱ्हाडातल्याच शेतकऱ्याला ठाऊक नसावे, याचे आम्हाला वाईट वाटले.

ही पद्धत आपल्याला समजायला मुळीच कठीण नाही. ऊस तोडीला आला की नाही हे आपण कसे ठरवतो? कारखान्याच्या प्रयोगशाळेची वाट न पाहता हात ब्रिक्समापक लावतो, उसाचे वय, जात, पानांचा रंग पाहतो आणि तोडीचा निर्णय घेतो. तसेच हे. या तापाची जुनी रक्ततपासणी, वेल-फेलिक्स नावाची, बहुधा दुसऱ्या आठवड्यात होकार देते आणि तिच्यावर पुरता भरवसाही ठेवता येत नाही. नव्या तपासण्या खेड्यातल्या दवाखान्यात मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी लक्षणांनाच गुण दिले. रोग्याला पाहून व विचारून मिळणारे २५ आणि साध्या तपासण्यांचे १०, असे एकूण ३५. १४ गुण भरले की हाच रोग धरून औषध सुरू करावे, असा त्याचा रोख.

आम्ही नंतर डॉक्टरांसमोर बसून त्या पोरीचे गुण मांडले. खेड्यातील राहणे १, घरी पाळीव जनावर १, गोचिडींशी संबंध २, पू नसलेले लाल डोळे २, साधे लाल पुरळ १, ताप आल्यावर दोन ते चार दिवसांनी पुरळ उठणे २, पावलांवर सूज २, तळहात-तळपायांवर पुरळ ३. बेरीज १४. रक्ताचा एक थेंबही न काढता! सूज सोडली तर यातले बहुतेक गुण आम्ही "गोवर असेल" म्हणालो त्या सकाळीच तिथे हजर असावेत. आम्ही जवळ जाऊन पाय उचलून पाहिला नाही, एवढेच.

गोवर आणि यात गल्लत होते, कारण दोन्हीत पुरळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. परंतु गोवरात सर्दी-खोकला असतो आणि पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरते. गोचिडीच्या तापात ते बहुधा मनगट-घोट्यांकडून सुरू होते आणि तळव्यांवर येते. डेंग्यूतही प्लेटलेट कमी होतात, यातही होतात. म्हणून प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असे धरू नये.

औषध जुने आणि स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन. लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात म्हणून पूर्वी ते टाळत. आता या रोगात थोड्या दिवसांसाठी ते मुलांनाही देतात. मात्रा वजनावर ठरते, गरोदर स्त्रीला दुसरे औषध लागते, तेव्हा दुकानातून परस्पर आणू नये. नेहमीची पेनिसिलीनच्या जातीची इंजेक्शने याला लागू पडत नाहीत, कारण हा जंतू पेशीच्या आत दडून बसतो. योग्य औषध लवकर सुरू झाले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. आमच्या पोरीचाही उतरला. पायाच्या दोन बोटांची टोके मात्र गेली.

याचाच एक भाऊबंद म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात त्याने माणसे नेली. तो गोचिडीने नव्हे, गवतातल्या कोळ्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या पिलाने होतो. मृगात निघणारा लाल मखमली किडा त्याच्या नात्यातला. चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि जागा जांघ, काख, कंबर, छातीखाली अशी. बायाबापड्या संकोचाने दाखवत नाहीत, डॉक्टरही विचारत नाहीत. निंदणाला, गवत कापायला जाणाऱ्या बाईला ताप आला तर घरातल्याच बाईने अंग पाहून घ्यावे. खपली नाही म्हणून रोग नाही असेही नाही. औषध येथेही मुख्यतः तेच.

आता कामाचे. बैलावरची गोचीड नखाने फोडू नये, मुलांकडून तर मुळीच काढवू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी व साबणाच्या पाण्यात टाकावी, मग हात धुवावे. माणसाच्या अंगावर चिकटली असेल तर रॉकेल, विडी लावत बसू नये, तशीच ओढून काढावी. फवारणी नुसत्या बैलावर करून भागत नाही. मादी अंडी घालते ती गोठ्याच्या भेगांत, दगडाखाली. त्यामुळे गोठाही घ्यावा लागतो, आणि अंड्यातून नवी पिले निघतात म्हणून पशुवैद्यक सांगतील त्या अंतराने पुन्हा घ्यावी लागते. खोडकिडीचे सभासदांना वेगळे सांगायला नको, हिशेब तोच आहे. कुत्र्याला विसरू नये.

टोळी उतरवताना कोप्या दावणीपासून शक्य तितक्या लांब घालाव्यात, ही आमची गटातील सभासदांना विनंती आहे. जागा तुमच्याच वावराची असते, मुकादम तुमचे ऐकतो. आणि तळावर कोणाला दोन दिवसांच्या वर ताप राहिला तर ऊस तुमचा आहे की दुसऱ्याचा हे न पाहता गट ऑफिसात निरोप द्यावा. दवाखान्यात नेल्यावर जनावरांचा, गोचिडींचा व गवतातल्या कामाचा उल्लेख डॉक्टरांना आपणहून करावा. तो मुकादम पुढच्या हंगामात आला तेव्हा पोरगी सोबत होती. चालते, थोडी लंगडते. बापाने बैलांसाठी चिमटा आणला होता, तो त्याने आम्हाला काढून दाखवला.