विधवेचे तेल

पवित्र शास्त्रात एका कर्जबाजारी विधवेची गोष्ट आहे. ती २ राजे, अध्याय ४ यात आहे.

तिचा नवरा देवभक्त होता. पण मागे कर्ज ठेवून वारला. सावकार दारात आला. पैशाच्या बदल्यात दोन्ही मुले गुलाम म्हणून नेणार होता. बाई अलीशा संदेष्ट्याकडे गेली.

घरात काय आहे, असे अलीशाने विचारले. थोडेसे तेल, एवढेच होते. मग त्याच्या सांगण्यावरून तिने शेजाऱ्यांची रिकामी भांडी मागून आणली, दार लावले आणि तेल ओतू लागली. सगळी भांडी भरली, तेव्हा तेल थांबले.

पुढचे नीट वाचा. अलीशाने तिला तेल विकून आधी कर्ज फेडायला सांगितले. उरेल त्यावर घर चालवायचे. तेल देवाने दिले. फेड बाईनेच करायची होती.

बायांनो, भावांनो, पाऊस दगा देतो तेव्हा आपणही कर्ज काढतो. त्याआधी व्याज विचारा. महिन्याला शेकडा ३ रुपये थोडे वाटतात. पण १००० रुपयांवर वर्षाचे ३६० होतात! सावकाराचा परवाना बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. नाताळाला जुने कपडे चालतील, उधारीचे नकोत. प्रार्थना करा आणि हिशेबही लिहा.

अभ्यास
१. बाईने आधी काय करायचे होते?
२. तुमचे देणे किती? वहीत लिहा.
३. २००० रुपयांवर याच दराने वर्षाचे व्याज किती?