'तो मीच' आणि 'तो मी नव्हेच' : नात्यांतील असत्याची दोन रूपे

१

मराठीत फसवणुकीसाठी रूढ असलेल्या वाक्प्रचारांकडे पाहिले असता एक गोष्ट सहज लक्षात येते. टोपी घालणे, शेंडी लावणे, गंडा घालणे, तोंडाला पाने पुसणे या साऱ्या क्रिया माणसाच्या अगदी जवळ जाऊन करावयाच्या आहेत. अनोळखी माणसाला कोणी आपल्या डोक्यापर्यंत हात नेऊ देत नाही. 'मामा बनविणे' या प्रयोगात तर फसलेल्याला नात्याचेच नाव मिळते. आणि 'केसाने गळा कापणे' हा प्रयोग विश्वासातल्या माणसाने केलेल्या घातालाच उद्देशून होतो. फसवणूक परक्याकडून होते त्याहून अधिक ती नात्याच्या आधाराने होते, ही जाण भाषेने अशी जपून ठेवली आहे.

व्यवहारात असत्याचा विचार बहुधा विधानाच्या अंगाने केला जातो. अमुक वाक्य वस्तुस्थितीला धरून आहे की नाही, एवढेच तपासले जाते. नात्यांतील असत्याला मात्र हे माप पुरत नाही. तेथे प्रश्न एखाद्या वाक्याचा नसून 'मी तुझा कोण' या कबुलीचा असतो. या कबुलीशी दोन प्रकारे प्रतारणा करता येते. जो आपण नाही 'तो मीच' असे सांगणे हा पहिला प्रकार होय. जो आपण आहोत 'तो मी नव्हेच' असे सांगणे हा दुसरा. मराठी इतिहासात आणि मराठी रंगभूमीवर या दोहोंची ठळक उदाहरणे आहेत, आणि दोहोंचा धागा दिल्ली व तिच्या परिसराशी जुळलेला आहे.

२

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेले पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवराव भाऊ रणात पडले. पराभवाच्या त्या गोंधळात त्यांचा अंत अनेकांना निश्चितपणे कळला नाही, आणि ज्यांना कळला त्यांच्यापैकीही सर्वांना तो पटला नाही. मोहिमेत पतीबरोबर असलेल्या आणि तेथून जिवंत परतलेल्या पार्वतीबाईंनी भाऊंचा मृत्यू मान्य केला नाही. १७८३ साली निधन होईपर्यंत त्यांनी वैधव्याचा वेश स्वीकारला नाही.

अशा वेळी भाऊ म्हणवून घेणारा एक पुरुष पुढे आला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे थोरल्या माधवरावांच्या काळातील चौकशीत निष्पन्न झाले व त्याला कैदेत ठेवण्यात आले. प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. परंतु १७७२ साली माधवराव निवर्तले, १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, आणि १७७४ साली जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने पुण्याचा कारभार चालू झाला. १७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला मोकळे केले, आणि भाऊंच्या नावाभोवती कोकणात पाहता पाहता सैन्य जमले. अखेर बंड मोडले. पळून जात असलेला तोतया रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला, आणि पुण्यात पुन्हा चौकशी होऊन त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर लिहिले.

या घटनेत विचार करण्याजोगी गोष्ट तोतयाचे धाडस ही नव्हे. एकदा उघडे पडलेले असत्य दहा वर्षांनी पुन्हा उभे कसे राहिले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तोतयाच्या कौशल्यापेक्षा ऐकणाऱ्यांच्या गरजेत सापडते. पानिपतात घरोघरची माणसे गेली होती. त्यांतील कोणी तरी परत येईल ही आशा केवळ शनिवारवाड्यापुरती नव्हती. गादीवर अर्भक असताना पेशव्यांच्या घरातील कर्ता पुरुष परत यावा असे वाटणारे लोकही थोडे नव्हते. तोतयाने विश्वास निर्माण केला नाही; जो विश्वास आधीच जागा धरून बसला होता, त्या जागी तो जाऊन बसला. पार्वतीबाईंची निष्ठा आणि तोतयाचे कपट या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. परंतु दुसरी पहिलीसारख्याच भावनांवर जगली, हे नाकारता येत नाही.

३

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण प्रत्यक्ष दिल्लीतील आहे. आचार्य प्र. के. अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीच्या आयफॅक्स नाट्यगृहात झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे होते आणि प्रमुख भूमिका प्रभाकर पणशीकरांची होती. नाटकाला माधव काझी नावाच्या ठकसेनाच्या प्रकरणाचा आधार होता. अनेक स्त्रियांशी विवाहाचे नाटक करून त्यांना लुबाडल्याचा आरोप असलेला एक पुरुष न्यायालयात उभा आहे. आपण निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे असून बाकी कोणी नव्हेच, असे त्याचे म्हणणे आहे. साक्षीत सांगितलेले प्रसंग फिरत्या रंगमंचाच्या साहाय्याने प्रेक्षकांसमोर घडत जातात.

या माणसाने घेतलेली सोंगे तपासून पाहण्यासारखी आहेत. तो कोठे दिवाकर दातार आहे, कोठे कॅप्टन अशोक परांजपे आहे, तर कोठे राधेश्याम महाराज. यांतील प्रत्येक नावाला समाजाने आधीच पत दिलेली आहे : घराण्याचे आडनाव, सैन्यातील हुद्दा, साधूचे वस्त्र. विवाह जुळविताना चौकशी करण्याची आपली रीत पुष्कळदा या पतीपाशीच थांबते. आडनाव, नोकरी, शिफारस आणि बोलण्याची ढब जुळली की माणूस जुळला असे मानले जाते. गावात ही त्रुटी भरून निघे. कारण मुलाचा मामा, शेजारी किंवा कुळाचा उपाध्याय कोणाच्या तरी ओळखीचा असे. महानगरात, विशेषतः नोकरीनिमित्त दूर आलेल्या मराठी कुटुंबांत, हे जाळे विरळ होते. परक्या शहरात कानांवर पडलेली आपली भाषा आणि ओळखीचे आडनाव हाच पुरावा ठरतो. तोतयाला निदान एका विशिष्ट माणसासारखे दिसावे लागत होते. लखोबाला केवळ एका प्रकारच्या माणसासारखे दिसणे पुरते.

मात्र लखोबाचे खरे हत्यार सोंग नसून नकार हे आहे. सोंग उतरल्यावर तो खजील होत नाही. ज्यांनी त्याला पती म्हणून ओळखले त्यांची ओळखच तो खोटी ठरवितो. येथे फसवणूक दुप्पट होते. पहिल्या फसवणुकीत स्त्रीचे धन आणि आयुष्य गेले; दुसऱ्या फसवणुकीत तिची स्वतःच्या अनुभवावर विसंबण्याची शक्तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. 'हाच तो' असे म्हणताना आपण कशी फसलो हे तिला चारचौघांत सांगावे लागते, आणि लाज वाटावयाची ती आरोपीला न वाटता साक्षीदाराला वाटते.

नाटकाच्या यशाचीही एक बाजू येथे नोंदविली पाहिजे. पणशीकरांनी हे नाटक हजारो प्रयोगांतून गाजविले आणि आपल्या आत्मचरित्राला 'तोच मी' हे नाव दिले. नाटकाचे शीर्षक निर्लज्ज नकाराचे बोधवाक्य म्हणून मराठीत रुळले. लखोबा हे नाव मराठी माणसाला तोंडपाठ आहे. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या स्त्रियांची नावे फारच थोड्यांना आठवतील. फसविणाऱ्याची हुशारी रंजक वाटते आणि फसलेल्याचा भोळेपणा हास्यास्पद वाटतो, हा नाट्यगृहाबाहेरच्या समाजाचाही स्वभाव आहे.

४

नकाराला कायद्याच्या भाषेतही आश्रय मिळू शकतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिला विवाह अस्तित्वात असताना केलेला दुसरा विवाह रद्दबातल व दंडनीय ठरविला. तथापि महाराष्ट्रातील एका प्रकरणात, फेब्रुवारी १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने झाल्याचे सांगितलेल्या दुसऱ्या विवाहासंबंधी, सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली असा निर्णय दिला की आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्यास द्विभार्येचा गुन्हा सिद्ध होत नाही. कायद्याच्या काटेकोर अर्थाने या निर्णयाला आधार होता. परंतु त्याचा व्यवहारातील परिणाम असा की आरोपीला 'तो मी नव्हेच' असे म्हणण्याचीही गरज उरली नाही. 'तो विवाह नव्हेच' एवढे म्हणणे त्याला पुरेसे झाले. पुढे १९९५ साली सरला मुद्गल प्रकरणात, पहिला विवाह न मोडता केवळ दुसऱ्या विवाहासाठी धर्मांतर करणाऱ्या पतीची सुटका होत नाही, असे त्याच न्यायालयाने सांगितले. तेथील बचावाचे सूत्र 'मी आता तो राहिलो नाही' असे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये ओळख लपवून विवाह करण्याचा समावेश कपटाच्या साधनांत स्पष्टपणे करण्यात आला आहे. असत्य विधानात नसून ओळखीत असू शकते, ही गोष्ट कायद्याच्या शब्दांत अशा रीतीने उतरली.

५

या विवेचनातून एवढे म्हणता येईल की नात्यातील असत्य एकट्या फसविणाऱ्याच्या बळावर उभे राहत नाही. 'तो मीच' या असत्याला ऐकणाऱ्याची आशा आधार देते, तर 'तो मी नव्हेच' या असत्याला फसलेल्याची लाज. आशेबद्दल कोणाला दोष देता येत नाही. तिच्यावाचून नातीच राहणार नाहीत. लाजेची गोष्ट वेगळी आहे. ती समाजाने लादलेली असते आणि समाजाला ती काढूनही घेता येते. 'तुला कळले कसे नाही' हा प्रश्न फसलेल्या व्यक्तीला जितक्या वेळा विचारला जातो, तितके तिचे मौन पक्के होते, आणि त्या मौनात पुढच्या फसवणुकीची सोय होते. विश्वास ठेवणे हा मूर्खपणा नसून नात्याचा पाया आहे, आणि गुन्हा त्या विश्वासाचा उपयोग करून घेणाऱ्याचा आहे, हे घरात, बैठकीत आणि न्यायालयात सारख्याच स्वच्छपणे मानले गेले, तर 'हाच तो' असे म्हणणाऱ्या व्यक्तीला मान खाली घालावी लागणार नाही.